निरोगी माणसांच्या गोळ्या

माझ्या थोरल्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न एका सर्दीनं मोडायला निघालं होतं. ताप नाही, खोकला नाही, नाक गळायची साधी सर्दी. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात आणि म्हणतात, आजी वाढवून सांगते. मला वाढवून सांगता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती मी रहाटापाशी बसले, आणि लग्न होईपर्यंत कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर आडवा पळणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताची गुंडाळी. ती सैल भरली तर सूत गुंततं आणि घट्ट भरली तर तुटतं. इतकंच माझं शिक्षण. तेव्हा जे झालं तसं लिहिते. हसायचं असेल त्यानं हसावं.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या सोप्यात जमिनीत दोन खड्डे आणि त्यावर दोन माग. एकावर आप्पा बसायचे, दुसऱ्यावर आई. दिवस उजाडला की खट-खटाक सुरू व्हायचं ते दिवस मावळेपर्यंत, आणि शेजारच्या घरातूनही तेच, त्याच्या शेजारच्या घरातूनही तेच. बाहेरचा माणूस गल्लीत आला की कानावर हात ठेवायचा. आम्हाला मात्र माग थांबला की दचकायला व्हायचं, कारण माग थांबला म्हणजे सूत तुटलं, नाहीतर सूत संपलं, नाहीतर कुणीतरी मेलं. मागच्या बाजूला चूल. तिथं सुताला लावायची खळ शिजायची आणि तिथंच आमटी शिजायची, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूला खळीचा आंबूस वास, आमच्या केसांनासुद्धा. जेवायला ज्वारीची भाकरी, पातळ आमटी आणि खर्डा. गोड म्हणजे गूळ. आंबट म्हणजे काही नाही, कारण आंबटाला आमच्या घरात बंदी होती.

ही बंदी भागूआत्याची. आप्पांची थोरली बहीण, नवरा लवकर गेला म्हणून माहेरी आलेली, आणि आल्यापासून चुलीची मालकीण. माझी आई मागावरून उठून स्वयंपाकघरात आली तर आत्या विचारायची, "काय पायजे तुला हितं?" तिचं म्हणणं, आंबटानं सांधे धरतात, आणि सांधे धरलेल्या विणकराला कुत्रं विचारत नाही. जांबोटीकडची बाई थंडीत डोक्यावर पाटी घेऊन आवळे विकायला यायची. साऱ्या गल्लीतल्या पोरी पाटीभोवती गोळा व्हायच्या आणि आम्ही दोघी बहिणी दारातून बघायचो. आत्याच्या नजरेखालून एक आवळा दाताखाली घालणं म्हणजे चोरी केल्यासारखं होतं. आक्कानं कधी केली नाही. मी केली, सापडलेही.

दुसरा नियम डब्याचा. फडताळात एक पितळी डबा होता. घरात जे काही येईल, कुणाच्याही नावानं येवो, ते आधी त्या डब्यात जायचं. देवळातला पेढा, लग्नातला लाडू, मामानं फक्त माझ्यासाठी म्हणून आणलेली खडीसाखर, सगळं डब्यात. संध्याकाळी माग थांबले की आत्या डबा काढायची, पदराच्या टोकात वस्तू धरायची आणि कापडावरून दातानं फोडायची, म्हणजे उष्टी होत नाही. चिमणीचे दात म्हणतात त्याला. मग सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा. एकट्यानं खाल्लेलं अंगी लागत नाही, असं ती म्हणायची. हा नियम एकट्या आमच्या घरचा नव्हता, गल्लीतल्या बहुतेक घरांचा होता. आज लोक याला संस्कार वगैरे म्हणतात. मला तेव्हा त्याचा राग यायचा आणि आजही येतो. आयुष्यात एक आख्खा पेढा खावा असं वाटण्यात काय चूक आहे?

त्या थंडीत शहरातून एक डॉक्टरीणबाई गल्लीत आली. तरुण होती, केस आखूड, बोलणं पुण्याकडचं. बनशंकरीच्या देवळाच्या ओवरीत तिनं सगळ्यांना बोलावलं. आम्हाला वाटलं देवीची लस टोचणार, म्हणून निम्मे लोक आधीच पळाले. बाई म्हणाली, "घाबरू नका. मला आजारी माणसं नकोच आहेत. ज्यांना काहीही झालेलं नाही, अशी मोठी माणसं हवीत."

आमच्या समोर राहणारी तुळसाक्का पुढंच बसली होती. ती कुठंही पुढंच बसायची. ती म्हणाली, "बऱ्या मानसाला औषद देता व्हय बाई? मग आजारी मानसाला काय, जेवान घालता?"

सगळे हसले. बाईही हसली. "औषध नाही हो, जीवनसत्त्व आहे. सी जीवनसत्त्व. लिंबात असतं, पेरूत असतं, आवळ्यात तर खूपच असतं."

"आवळ्यात असतंय तर आवळंच द्या की," तुळसाक्का म्हणाली. भागूआत्यानं आवळ्याचं नाव ऐकून तोंड फिरवलं.

परवा माझ्या नातीनं, पूजानं, मला नारिंगी गोळी पाण्यात टाकून दिली. गोळी फसफसत वर आली. पूजा औषधांचं शिकते, बेळगावात कॉलेजला जाते. मी म्हटलं, मला काय झालंय? ती म्हणाली, "काही झालं नाही म्हणूनच घ्यायची, आज्जी." मी पेला तसाच खाली ठेवला. हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं आणि त्यानं काय काय होतं ते बघितलेलं होतं.

तर ती डॉक्टरीणबाई पुढं आमच्या घरी आली, मी कांड्या भरत होते तिथं जमिनीवर बसली आणि तिनं मला नीट समजावलं. एवढं मानायला हवं, माझ्याशी इतकं नीट तोवर कुणी बोललं नव्हतं. ती म्हणाली, रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या राखणदार. अंगात जंतू शिरला की त्या त्याच्याकडे धावतात, त्याला गिळतात आणि मारतात. या पेशी सी जीवनसत्त्व स्वतःत साठवून ठेवतात, भोवतालच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट. ज्याच्या खाण्यात ते नाहीच, त्याचे राखणदार ढिले पडतात, हे ठाऊक आहे. पण धडधाकट माणसाला वरून आणखी दिलं, तर त्याचे राखणदार आणखी जोरात धावतात का? हे तिला बघायचं होतं. आधी रक्त घ्यायचं, मग काही आठवडे गोळ्या द्यायच्या, मग पुन्हा रक्त घ्यायचं.

माझ्या हातातली कांडी बघून ती म्हणाली, "ही भरली, तरी तू वर सूत गुंडाळत राहिलीस तर?"

"निसटतं. धोट्यात बसत न्हाय मग."

"तसंच आहे का, तेच बघायचंय मला. भरलेल्या कांडीवर आणखी सूत."

मला ते पटलं. एवढं साधं होतं. शिवाय तिनं सांगितलं की काही बाटल्यांत खरं जीवनसत्त्व आहे आणि काहींत नुसती आंबटगोड गोळी, दिसायला सारखीच, आणि कुणाची कुठली ते तिलाही ठाऊक नाही. म्हणून ज्याची बाटली त्यानंच खायची आणि रोजच्या खाण्यात काही बदल करायचा नाही. तुळसाक्कानं ते दुसऱ्या दिवशी गल्लीभर केलं. "बाईलाच ठावं न्हाय म्हनं काय देतीया ते!"

निवड झाली त्या दिवशी आम्ही दोघी उपाशीपोटी देवळात गेलो. आक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. नाव इंदू, पण मी तिला आक्काच म्हणायचे. उंच, कामाला वाघ, बोलायला मुकी. तिला निपाणीचं स्थळ आलं होतं. आमच्यातलेच लोक, पण माग सोडून तंबाखूच्या वखारीत कामाला लागलेले. मुलगा बघून गेला होता, पसंती कळवली होती, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. आणि त्या सकाळी आक्काला सर्दी झालेली. नाक लाल, डोळे पाणावलेले. बाईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आज तुझं नको. सर्दी असली की राखणदार आधीच कामाला लागलेले असतात, माझं मोजमाप चुकेल. पुढच्या वेळी बघू." आक्कानं मान हलवली आणि घरी जाऊन खळ ढवळायला बसली. माझं रक्त घेतलं. तुळसाक्काच्या मुलीचंही घेतलं. आम्हाला बाटल्या मिळाल्या.

यापुढं जे झालं ते फक्त आमच्याच गल्लीत होऊ शकतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन जाती झाल्या. ज्यांना बाटली मिळाली ते पास आणि ज्यांना मिळाली नाही ते नापास. तुळसाक्कानं बाटली देव्हाऱ्यात ठेवली आणि येईल जाईल त्याला दाखवायला लागली. "आमची पोरगी निरोगी हाय म्हणून डॉक्टरनं ल्हिवून घेतलंय. रगत तपासून!" लग्नाच्या पोरी असलेल्या घरांना हे पटकन कळलं. स्थळवाले आले की चहाआधी बाटली पुढं यायची. आणि नापासांची चौकशी सुरू झाली. इंदूला का सोडली? सर्दी होती. सर्दीसाठी कोण सोडतंय? रक्तात काहीतरी सापडलं असणार.

मी गल्लीभर सांगत फिरले. सर्दी होती, नुसती सर्दी, मी तिथंच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. तुळसाक्का जात्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "व्हय गं बाई, सर्दीच. पर सर्दी का झाली? बाईनंच सांगितलं न्हवं, ज्याचं राखनदार ढिलं त्यालाच रोग शिरतोय? मग इंदूचं राखनदार ढिलंच की."

"तुमास्नी गेल्या महिन्यात सर्दी न्हवती झाली?"

"माझं काय लगीन व्हायाचं ऱ्हायलंय?"

बाईनं समजावलेलं सगळं तिनं बरोबर लक्षात ठेवलं होतं आणि बरोबर उलटं लावलं होतं. अडाणी बाई काही ऐकून घेत नाही असं लोक म्हणतात. तुळसाक्कानं सगळं ऐकून घेतलं होतं, त्याचाच मला वैताग आला.

घरात वेगळीच तऱ्हा. मी बाटली घेऊन आले तशी भागूआत्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि गोळ्या डब्यात ओतल्या. मी ओरडले. माझ्या नावाच्या आहेत, मीच खायच्या असं बाईनं सांगितलंय.

"एकटीनं खानार? लाज न्हाय वाटत?" आत्या म्हणाली. "तुझा बा दिसभर मागावर मरतोय, तुझी आई मरतीया, आनि ताकदीच्या गोळ्या तू एकटी खानार?"

"आंबट हायत त्या," मी म्हटलं. मला वाटलं, आंबट म्हटल्यावर तरी सोडेल.

आत्यानं एक गोळी जिभेला लावली, तोंड वाकडं केलं, थोडा विचार केला. "डॉक्टरनं दिल्यालं आंबट चालतंय," ती म्हणाली. रोज संध्याकाळी माग थांबले की पदराच्या टोकात गोळी, दाताखाली कट, आणि सगळ्यांच्या हातावर नारिंगी भुगा. आक्कालाही. म्हणजे जिला बाईनं सोडलं ती गोळी खात होती, आणि जिला धरलं तिला एक कपचा. मी दोनदा-तीनदा भांडले, मग गप्प बसले. त्या घरात भांडून कुणी काही जिंकल्याचं मला आठवत नाही.

मग निपाणीहून मुलाची आई आली. एकटीच आली म्हणायची, सोबत मुलाचा मामा होता, पण तो चहा पिण्यापलीकडे काही करत नव्हता. बाई जाडजूड, कपाळावर मोठं कुंकू, आवाज वखारीत हाका मारून भरदार झालेला. आप्पांनी माग थांबवला. मी आणि आक्का आत चुलीपाशी. मध्ये नुसता पडदा, सगळं ऐकू येत होतं.

"मी आडपडदा ठेवत न्हाय," ती म्हणाली. "थोरल्या पोरीला डॉक्टरनं सोडली म्हनं. धाकटी पास झाली. आमाला घर पसंत हाय, मानसं पसंत हायत. तवा धाकटी द्या."

आप्पांनी आईकडे बघितलं. आई बोलेल असं मला वाटलं, पण आईनं आत्याकडे बघितलं. आणि भागूआत्या म्हणाली, "दोन्ही आमच्याच. आमाला काय, ही काय नि ती काय. एकीचं तरी उजवंल."

माझ्या पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. मला राग आला. डब्यातली गोळी बदलून दिल्यासारखं आत्यानं आमचं केलं होतं. हिची तिला, तिची हिला, घरातच राहतंय म्हणजे झालं. आक्का भाकरीचं पीठ मळत होती. ती मळतच राहिली. मी म्हटलं, "आक्का, बोल की काय तरी." तिनं मनगटानं नाक पुसलं, सर्दी अजून गेली नव्हती, आणि म्हणाली, "जा तू. चांगलं हायत लोक. मी बसतो हितं." आमच्याकडे बायका रागात, दुःखात असं पुरुषासारखं बोलतात कधीकधी. मला त्या मुलाचं काही नको होतं. त्यानं आक्काला बघितलं होतं, आणि तो बघून गेल्यावर आक्का दोन दिवस चुलीपुढं गुणगुणत होती. मी आमच्या आक्काला त्याआधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. आप्पांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. म्हणजे हो म्हणणार, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

डॉक्टरीणबाई दर सोमवारी देवळात यायची, गोळ्या नीट चालल्यात का विचारायला. त्या सोमवारी मी तिला वाटेतच गाठलं. सगळं सांगितलं. म्हटलं, चला आमच्या घरी, आप्पांना आणि निपाणीच्या लोकांना सांगा की इंदूला नुसती सर्दी होती.

ती वाटेतच थांबली. "अगं, सर्दीच होती. पण मी कुणाच्या लग्नात कशी बोलू? एकीचं सांगितलं तर उद्या दुसरी येईल, माझ्या मुलीला का सोडली सांगा म्हणून. कुणाकुणाच्या रक्तात काय काय आहे ते मी बाहेर बोलायचं नाही, असा नियम आहे."

"सर्दी बाहेरूनच दिसतीया. त्यात रगताचं काय सांगायचं हाय?"

"तरीही नाही, सुमन. आणि ही तपासणी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. कुणी ऐकलं होतं? नियम तिच्याकडेही होता, आत्याकडेही होता, आणि दोघींच्या नियमात माझी बहीण चुलीपुढं बसणार होती. मी तिची वाट सोडली नाही. मग तिनं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "तू गोळ्या रोज घेतेस ना?"

उत्तर काय दिलं तर काय होईल, हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. मी पास म्हणून मला मागणी आली होती. पासच राहिले नाही तर? मी म्हटलं, "न्हाय. माझ्या गोळ्या सगळं घर खातंय. इंदूबी खाती. आत्या फोडून वाटती."

"काय?"

"चिमनीच्या दातानं," मी म्हटलं. तिला ते काय असतं ते ठाऊक नव्हतं. तेही सांगितलं.

ती देवळाची वाट सोडून वळली. ती माझ्याबरोबर घरी आली. आत्यानं मोठ्या अभिमानानं डबा काढून दाखवला. मग ती तुळसाक्काकडे गेली. तुळसाक्काच्या देव्हाऱ्यातली बाटली निम्मी रिकामी होती. गोळ्या तिनं सासरी असलेल्या थोरल्या मुलीला पाठवल्या होत्या, तिला दिवस गेले होते म्हणून. पलीकडच्या घरात दोन जावांच्या दोन बाटल्या एकाच बरणीत, भांडण नको म्हणून. त्याच्या पलीकडे म्हाताऱ्या सासऱ्याला सगळ्या, कारण मोठ्या माणसाआधी सुनेनं कसं खायचं? एका घरात गोळ्या शिल्लकच होत्या, पाहुणे आले की द्यायला ठेवलेल्या. लपवलं कुणीच नाही. सगळे मोकळेपणानं सांगत होते, कौतुक होईल म्हणून वाट बघत होते. डॉक्टरीणबाई परत येऊन आमच्या मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि कपाळाला हात लावला. इतक्या आठवड्यांचं काम होतं तिचं. मला दिसत होतं ते. पण मला आक्काचं बघायचं होतं.

"ही गल्ली मला वापरता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "सगळी नावं काढावी लागतील."

"सगळी?" तुळसाक्का दारातूनच ओरडली. ती मागोमाग आलीच होती. "माझ्या पोरीचं बी?"

"सगळी."

बाई गेली ती पुन्हा आली नाही. दुसरीकडे कुठं जाऊन तिनं ते काम पुरं केलं का, ते मला माहीत नाही. माझं पहिलं रक्त तिनं नेलं होतं. त्यात काय दिसलं, माझे राखणदार कसे होते, कधी कळलं नाही. येऊन सांगीन म्हणाली होती. एवढं एक मला तिचं लागलं. रक्त घेणारी माणसं परत येऊन सांगत नाहीत, हे मी नंतर दवाखान्यातही पुष्कळदा बघितलं.

गल्ली माझ्यावर उलटली. तुळसाक्कानं दारात उभं राहून बोटं मोडली. "पोरींचं वाटोळं केलंस सटवे! पास झालेल्या पोरी नापास केल्यास!" भागूआत्या माझ्याशी बोलेना. वाटून खाणं हा गुन्हा कसा, हे तिला मरेपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिला कळावं असं मी समजावलंही नाही. पाण्यावर गेले की बायका घागरी बाजूला घ्यायच्या. घेऊ देत. सगळी गल्ली बाद झाली होती, म्हणजे कुणीच बाद नव्हतं.

निपाणीची बाई आली ती बातमी आधीच ऐकून. बसायच्या आत विचारलं, "सगळी गल्लीच नापास म्हनं?"

"व्हय," आत्या म्हणाली. मान खाली.

बाईनं चहाची बशी तोंडाला लावली, सगळा चहा संपवला. "मग काय, थोरलीच द्या. पोरगा तिचंच नाव घ्याला लागलाय. आनि ती भाकरी चांगली थापती, मी बघितलंय." झालं. इतकंच. ज्यासाठी मी गल्लीचे शिव्याशाप खाल्ले ते असं चहाच्या बशीत मिटलं. सुपारी फुटली. गोड म्हणून खव्याचा कुंदा वाटला, तोही डब्यात जाऊन, तुकडे होऊन. निघताना उंबऱ्यात त्या बाईनं आक्काची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि विचारलं, "नाक-बिक गळत न्हाय न्हवं आता? आमच्या घरात आजारपन चालत न्हाय हं."

"न्हाय," आक्का म्हणाली. मी शेजारीच होते. तिनं नाक आत ओढून घेतलेलं मला ऐकू आलं.

आक्का निपाणीला गेली आणि तिचं चांगलं झालं, तक्रार करण्यासारखं काही नाही. नवरा भला होता. सासू कडक, पण मारणारी नव्हती. घर वखारीला लागून. तंबाखूची धूळ भसकन नाकात जायची, मी गेले की उंबऱ्यातच पाच-सहा शिंका यायच्या. त्या गल्लीत सगळेच शिंकायचे. शिंकणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, आणि आक्काला तेच बरं पडलं. दर थंडीत तिला सर्दी व्हायची, तुम्हाआम्हाला होते तशी. सासूनं विचारलं की ती म्हणायची, तंबाखू. ताप अंगात घेऊन भाकऱ्या थापायची आणि म्हणायची, तंबाखू. स्वतःच्या मुलींनाही तिनं कधी सांगितलं नाही. मुली लग्नाच्या झाल्या तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या रगतातलं पोरींच्यात उतरलं नसंल न्हवं गं?" मी तिला तिथंच झापलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली. पटलं नाही, हे मला दिसत होतं.

पूजाला मी परवा तो प्रश्न विचारला, भरलेल्या कांडीचा. धडधाकट माणसानं वरून घेतलं तर काय होतं? तिनं मोबाईल बाजूला ठेवला, हेच विशेष. म्हणाली, "आज्जी, ज्याच्या अंगात कमी आहे त्याला दिलं तर फरक पडतो. पण ज्याच्या पेशी भरलेल्या आहेत, त्याचं जास्तीचं लघवीतून जातं. रोज घेतल्यानं सर्दी व्हायची थांबत नाही. झालेली थोडी लवकर जाते, इतकंच. पेशी आणखी जोरात काम करतात का, यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही."

"म्हणजे चांगल्या माणसालाबी सर्दी होती?"

"सगळ्यांना होते. सर्दी झाली म्हणजे राखणदार नाहीत असं नसतं गं. नाक गळतं ते राखणदार कामाला लागलेत म्हणूनच."

"मग ही गोळी मला कशाला देतीस?"

ती म्हणाली, "सगळे घेतात म्हणून." निदान खरं बोलली. ते पाणी मी तुळशीत ओतलं आणि पूजाला म्हटलं, गाडी काढायला सांग तुझ्या बापाला, आपण निपाणीला जाऊ. हे आक्काला तू सांग. माझं ती ऐकत नाही, शिकलेल्या नातीचं ऐकेल.

गेलो. वाटेत पेरू घेतले. आक्का आता दिवसभर पलंगावर बसलेली असते, पायांनी साथ सोडली आहे, पण कान शाबूत. सासू जाऊन किती वर्षं झाली, नवराही गेला. शेजारची वखार पाडून तिथं मोबाईलची दुकानं झाली आहेत. आता त्या गल्लीत तळलेल्या वड्यांचा वास येतो, तंबाखूचा नाही. पूजा तिच्या पायाशी बसली आणि तिनं सगळं सांगितलं, राखणदार, कांडी, सर्दी सगळ्यांना होते ते. चांगलं सांगितलं. आक्का ऐकत होती, पेरूची फोड चघळत होती, मधूनमधून "व्हय काय" म्हणत होती. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, एवढं तरी झालं.

मग तिला शिंक आली. एक, दोन, तीन. नाक गळायला लागलं. आतून सुनेनं हाक मारली, "आत्ती, सर्दी झाली काय? काढा ठेवू?"

"न्हाय गं," आक्का म्हणाली. "तंबाखू."

माझा संयम सुटला. "आक्का! कुठाय तंबाखू? वखार पाडून जमाना झाला! एवढं सांगितलं पोरीनं, आता तरी सर्दी हाय म्हण की!"

आक्कानं पदरानं नाक पुसलं. समोरच्या भिंतीवर हार घातलेला सासूचा फोटो आहे, मोठं कुंकू असलेला. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझा हात दाबला.

"हळू बोल गं," ती म्हणाली.